हवेतला नायट्रोजन आणि अकरा मिलिग्रॅमचा फरक

हवा हे मूलद्रव्य, संयुग की मिश्रण, हा प्रश्न शाळेत सगळ्यांनीच सोडवलेला असतो. 'मिश्रण' हे उत्तर पाठ असतं आणि ते बरोबरही आहे. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. हवेतून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प काढून टाकल्यावर जे उरतं, ते काय आहे? १८९० च्या सुमाराला कुठल्याही रसायनज्ञाला हे विचारलं असतं, तर त्याने लगेच सांगितलं असतं: नायट्रोजन, एक मूलद्रव्य. पुढच्या पाचच वर्षांत हे उत्तर चुकीचं ठरलं. ते 'मूलद्रव्य' मिश्रण निघालं.

हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. तिन्ही व्याख्या तोंडपाठ असूनही जी गोष्ट अनेकदा निसटते, ती यात स्पष्ट दिसते: संयुगाचं ठरलेलं प्रमाण ही किती मोठी ताकद आहे.

तराजूचं काम

लॉर्ड रॅले, म्हणजे जॉन विल्यम स्ट्रट, हे भौतिकशास्त्रज्ञ. मॅक्सवेल यांच्यानंतर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचं प्रमुखपद त्यांनी १८७९ ते १८८४ सांभाळलं आणि मग एसेक्समधल्या टर्लिंग इथे, आपल्या घरच्या प्रयोगशाळेत काम चालू ठेवलं. त्यांना वायूंची घनता अतिशय काटेकोरपणे मोजायची होती. सगळ्या मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावेत, असं विल्यम प्राउट यांनी १८१५ मध्ये सुचवलं होतं. ऑक्सिजन हायड्रोजनच्या बरोबर १६ पट भरतो का, हे रॅलेंनी वर्षानुवर्षं तपासलं. उत्तर आलं सुमारे १५.८८. त्यानंतर नायट्रोजनची पाळी आली.

वायू तोलणं हे फार चिकाटीचं काम. सुमारे १.८ लिटरचा काचेचा गोल आधी निर्वात करून तोलायचा. मग तो वितळत्या बर्फात ठेवून ठरावीक दाबाला वायू भरायचा आणि पुन्हा तोलायचा. एवढ्या मोठ्या गोलाला भोवतालची हवा वर उचलून धरत असते आणि हवामान बदललं की हा उचलही बदलतो. म्हणून तराजूच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकारमानाचा दुसरा बंद गोल टांगायचा. ही युक्ती फ्रान्सच्या रेन्यो यांची. तिच्यातली एक त्रुटी रॅलेंनी शोधून काढली होती. गोल निर्वात केला की बाहेरच्या हवेच्या दाबाने काच किंचित आकसते, त्यामुळे रिकामा गोल भरलेल्या गोलापेक्षा कणभर लहान असतो आणि वजनात तेवढी चूक शिरते. इतकं बारीक पाहणारा माणूस तराजूपाशी होता, म्हणून पुढचं सगळं घडलं.

दोन वाटांनी आलेला नायट्रोजन

रॅलेंची पहिली पद्धत अशी होती. हवेचे बुडबुडे अमोनियाच्या तीव्र द्रावणातून सोडायचे आणि अमोनिया सोबत घेऊन निघालेली ती हवा लालबुंद तापलेल्या तांब्यावरून न्यायची. तिथे हवेतला ऑक्सिजन अमोनियातल्या हायड्रोजनशी संयोग पावतो, त्याचं पाणी होतं आणि नायट्रोजन उरतो. या नायट्रोजनपैकी सुमारे सातवा भाग अमोनियातून आलेला असतो, बाकीचा हवेतला. आकडे एकमेकांशी छान जुळत होते. तरी एकाच पद्धतीवर विसंबायचं नाही म्हणून रॅलेंनी जुनी, सरळ पद्धतही करून पाहिली: अमोनिया नाही, नुसती हवा तप्त तांब्यावरून न्यायची आणि ऑक्सिजन तांब्याला देऊन टाकायचा. हा नायट्रोजन आधीच्यापेक्षा जड भरला, हजारात सुमारे एक भाग.

एवढ्या फरकाची सरासरी काढून मोकळं होण्याचा मोह कुणालाही झाला असता. रॅलेंनी तो फरक वाढवता येतो का ते पाहिलं. हवेच्या जागी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे आता सगळाच्या सगळा नायट्रोजन अमोनियातून येणार. फरक पाचपट झाला, दोनशेत एक. सप्टेंबर १८९२ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून रसायनज्ञांना याचं कारण विचारलं.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी नायट्रोजन आणखी निरनिराळ्या पदार्थांतून काढला. त्याच एका गोलात मावलेल्या वायूची वजनं अशी आली: नायट्रिक ऑक्साइडमधून २.३००१ ग्रॅम, नायट्रस ऑक्साइडमधून २.२९९०, अमोनियम नायट्राइटमधून २.२९८७, युरियातून २.२९८५. हवेतल्या नायट्रोजनची वजनं: तप्त तांब्याने ऑक्सिजन काढल्यावर २.३१०३, तप्त लोखंडाने २.३१००, फेरस हायड्रॉक्साइडने २.३१०२. पहिल्या गटाची सरासरी २.२९९०, दुसऱ्याची २.३१०२. फरक ११ मिलिग्रॅमचा. लिटरमागे सांगायचं तर १.२५०५ ग्रॅम आणि १.२५७२ ग्रॅम.

विज्ञानातल्या फार थोड्या तक्त्यांमध्ये इतकं काही भरलेलं असेल असं मला वाटतं. कुठल्याही संयुगातून काढा, नायट्रोजन हलकाच. हवेतून कसाही काढा, तो जडच. दोन्ही गटांच्या मधोमध एकही आकडा नाही.

संशयितांची तपासणी

पहिला संशय हलक्या नायट्रोजनवर गेला. त्यात हायड्रोजनचा अंश राहून गेला असेल का? हायड्रोजन अतिशय हलका असल्याने थोडासाही पुरला असता. रॅलेंनी जड नायट्रोजनमध्ये मुद्दाम हायड्रोजन मिसळला आणि नेहमीची शुद्धीकरणाची क्रिया केली. तापलेल्या कॉपर ऑक्साइडने तो पूर्ण काढून टाकला, वजन पूर्ववत आलं. हा संशय मिटला. रसायनातून ताज्या निघालेल्या नायट्रोजनचे काही रेणू फुटून सुटे अणू झाले असतील का? तसं असेल तर ठेवून दिल्यावर ते पुन्हा जुळायला हवेत. तो वायू आठ महिने ठेवला, घनता हलली नाही. तिसरी शक्यता उलट दिशेची: ऑक्सिजनचा जसा ओझोन होतो तसा हवेतल्या नायट्रोजनचा काही भाग तीन अणूंचा रेणू बनून जड झाला असेल. दोन्ही नायट्रोजनांमधून विद्युत विसर्ग सोडून पाहिला. काहीच बदललं नाही.

राहता राहिली एक शक्यता, आणि ती मान्य करणं सगळ्यांत अवघड होतं: हवेतल्या नायट्रोजनमध्ये दुसरा कुठला तरी जड वायू आहे, आणि शंभर वर्षं रोज हवा हाताळणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांना तो दिसलेला नाही.

संयुगाची चाळणी

इथे जरा थांबायला हवं, कारण प्रकरणाचं मर्म इथेच आहे.

अमोनियात वजनाने १४ भाग नायट्रोजन आणि ३ भाग हायड्रोजन असतो. तो कोळशाच्या वायूपासून केलेला असो की गोमूत्रातल्या युरियापासून, हे प्रमाण बदलत नाही. स्थिर प्रमाणाचा हा नियम जोझेफ प्रूस्त यांनी १७९९ च्या सुमारास, स्पेनमध्ये काम करत असताना मांडला. संयुगात शिरायचं तर अणूला दुसऱ्या अणूशी बंध करावा लागतो आणि तोही ठरलेल्या संख्येत. ज्याला कुणाशी बंधच करता येत नाही, असा वायू अमोनियात किंवा नायट्रस ऑक्साइडमध्ये जाणार कुठून? म्हणून शुद्ध केलेलं संयुग फोडलं की त्यातून त्याचीच मूलद्रव्यं निघतात, आगंतुक कुणी नाही. संयुग ही निसर्गाची चाळणी आहे.

मिश्रणाला अशी चाळणी नसते. त्यात कुणीही, कितीही प्रमाणात असू शकतो. तप्त तांबं, तप्त लोखंड, फेरस हायड्रॉक्साइड या तिन्ही गोष्टींनी फक्त ऑक्सिजन काढून घेतला होता, नायट्रोजनला कुणीच उचललं नव्हतं. हवेतून आलेला 'नायट्रोजन' म्हणजे शेवटी वजाबाकी करून उरलेलं काहीतरी होतं आणि उरलेल्याला एकच नाव देण्याची सवय लागली होती. संयुगातून आलेला नायट्रोजन मात्र एकदा निवडून घेतलेला होता. रॅलेंच्या तक्त्यातले दोन गट या दोन वाटांचे आहेत.

पाठ्यपुस्तकात मिश्रण ओळखायला लोखंडाचा कीस आणि गंधक यांचं उदाहरण असतं, चुंबक फिरवला की कीस वेगळा होतो. ते उदाहरण चांगलं आहे, पण त्यामुळे मिश्रण नेहमी सहज सुटं होतं असा ग्रह होतो. इथे दोन्ही घटक रंगहीन, गंधहीन, आणि एकही पटकन कशाशी क्रिया न करणारा.

१७८५ चा बुडबुडा

हा प्रश्न आधी एका माणसाने विचारला होता. हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८५ मध्ये हेच तपासायचं होतं: हवेतला ऑक्सिजनखेरीजचा भाग हा सगळा एकच पदार्थ आहे का? त्यांनी काचेच्या नळीत हवा आणि जादा ऑक्सिजन घेऊन विजेच्या ठिणग्या पाडल्या. ठिणगीने नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो आणि ते संयुग अल्कलीत शोषलं जाऊन सोरा तयार होतो. वायू घटत गेला. शेवटी उरलेला ऑक्सिजनही काढून घेतल्यावर एक लहानसा बुडबुडा राहिला, तो काही केल्या जाईना. कॅव्हेंडिश यांनी नोंद केली की वेगळा काही भाग असलाच तर तो १/१२० पेक्षा जास्त नाही. आजच्या मोजमापाने हा भाग सुमारे १/८५ भरतो. अठराव्या शतकातल्या साधनांनी केलेलं हे काम पाहून आदर वाटतो.

हा प्रयोग छापून आला, लोकांनी वाचला, आणि त्या बुडबुड्याकडे शंभर वर्षं कुणी वळून पाहिलं नाही.

रॅमसे आणि मॅग्नेशियम

एप्रिल १८९४ मध्ये रॅलेंनी रॉयल सोसायटीत आपले आकडे मांडले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे रसायनज्ञ विल्यम रॅमसे यांनी या प्रश्नावर आपणही काम करू का, असं विचारलं. रॅलेंनी आनंदाने होकार दिला.

रॅमसेंची वाट रसायनाची होती. लालबुंद तापलेलं मॅग्नेशियम नायट्रोजनशी थेट संयोग पावतं आणि मॅग्नेशियम नायट्राइड हे घन संयुग तयार होतं. हवेतला 'नायट्रोजन' अशा मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवायचा. जो खरा नायट्रोजन आहे तो संयुगात अडकेल आणि जो नाही तो पुढे जाईल. दर फेरीला वायू कमी होत गेला आणि जड होत गेला. हायड्रोजनच्या तुलनेत १४ असलेली घनता १६ वर गेली, मग १९ वर आणि शेवटी २० च्या जवळ येऊन स्थिरावली. नळीत वीज सोडून पाहिल्यावर त्याच्या वर्णपटात लाल आणि निळ्या रेषांचे असे समूह दिसले, जे कुठल्याही माहीत असलेल्या वायूचे नव्हते. तिकडे रॅले कॅव्हेंडिश यांचीच ठिणगीची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरून त्याच वायूपाशी पोहोचले. १३ ऑगस्ट १८९४ रोजी ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या सभेत दोघांनी मिळून ही बातमी दिली. आर्गॉन हे नाव पडलं ते इथेच.

मिश्रण, हे कशावरून?

शंका घेणारे होतेच. मॅग्नेशियमच्या आचेत किंवा ठिणगीत नायट्रोजनचंच काही तरी नवं रूप तयार झालं असेल, तर? आर्गॉन हवेत आधीपासून मिसळलेला आहे, हे रसायनाला हातही न लावता दाखवायला हवं होतं. मिश्रणाची व्याख्याच तशी आहे: घटक भौतिक मार्गाने वेगळे करता आले पाहिजेत.

यासाठी त्यांनी वापरल्या तंबाखू ओढायच्या लांब दांड्यांच्या मातीच्या चिलमी. या दांड्या एकीला एक जोडून, बाहेर निर्वात करून, आतून हवा संथपणे सोडली. सच्छिद्र मातीतून हलके रेणू लवकर बाहेर पडतात, जड मागे राहतात. शेवटच्या टोकाला जी हवा आली तिच्यातला ऑक्सिजन वगैरे काढून 'नायट्रोजन' तोलला. तो नेहमीच्या हवेतल्या नायट्रोजनपेक्षाही जड भरला. जो वायू एकाच प्रकारच्या रेणूंचा आहे, तो असा गाळून जड होऊ शकत नाही. दुसरा पुरावा पाण्याचा. पाण्यात विरघळलेला वायू उकळून बाहेर काढला तर त्यातल्या नायट्रोजनमध्ये आर्गॉनचं प्रमाण सुमारे दुप्पट सापडलं, कारण आर्गॉन नायट्रोजनपेक्षा पाण्यात जास्त विरघळतो. संयुग पाण्यात विरघळलं तर त्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण बदलत नाही. मिश्रणातला प्रत्येक घटक मात्र आपापल्या विद्राव्यतेप्रमाणे विरघळतो.

हा मुद्दा जरा ताणून सांगतो. 'प्रमाण स्थिर असेल तर संयुग, बदलत असेल तर मिश्रण' एवढंच पाठ केलं तर हवा आपल्याला चकवते. गे-ल्युसॅक १८०४ मध्ये बलूनमधून सुमारे ७,००० मीटर उंचीवर गेले आणि तिथली हवा बाटलीत भरून आणली, तर तिच्यातलं ऑक्सिजनचं प्रमाण जमिनीवरच्या हवेइतकंच निघालं. त्या काळच्या काही रसायनज्ञांना त्यावरून हवा हे संयुगच वाटत असे. वारा सगळीकडची हवा ढवळत राहतो म्हणून प्रमाण सारखं असतं. त्या प्रमाणाला अणूंच्या बंधांनी बांधलेलं नसतं, आणि पाण्यासारखी दुसरी परिस्थिती आली की ते लगेच बदलतं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन हवेच्या प्रमाणात एकत्र केले तर उष्णताही निघत नाही आणि आकारमानही बदलत नाही. विद्यार्थ्यांना एकच कसोटी देण्यापेक्षा अशा दोन-तीन कसोट्या एकत्र लावायला शिकवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मूलद्रव्य, हे कशावरून?

आर्गॉन सापडला, तो मिश्रणाचा घटक आहे हे ठरलं. पण तो स्वतः मूलद्रव्य आहे, हे कसं दाखवायचं? लाव्वाझिए यांनी १७८९ मध्ये सांगितलेली व्याख्या व्यवहारी होती: ज्याचं आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य. त्यांच्या ३३ साध्या पदार्थांच्या यादीत चुनाही होता, कारण तेव्हा तो कुणाला फोडता येत नव्हता. पुढे १८०८ मध्ये डेव्हींनी त्यातून कॅल्शियम वेगळं केलं. म्हणजे एखादा पदार्थ फोडता आला नाही एवढ्यावरून निकाल देणं धोक्याचं होतं.

शिवाय मूलद्रव्याचा अणुभार काढायची नेहमीची रीत म्हणजे त्याची संयुगं करून ती तोलायची. आर्गॉन संयुगच करत नव्हता. रॅमसेंनी फ्रेंच रसायनज्ञ मोआसाँ यांना नमुना पाठवला. फ्लोरीनसारखा सर्वांत आक्रमक वायूही त्याच्याशी क्रिया करेना.

मग पुन्हा भौतिकशास्त्र मदतीला आलं. वायूतला ध्वनीचा वेग मोजला की त्याच्या दोन विशिष्ट उष्मांचं (दाब स्थिर ठेवून आणि आकारमान स्थिर ठेवून वायू तापवायला लागणाऱ्या उष्णतांचं) गुणोत्तर मिळतं. ऑक्सिजन, नायट्रोजन अशा दोन अणूंच्या रेणूंसाठी ते सुमारे १.४० असतं. आर्गॉनसाठी आलं १.६६ च्या आसपास, जे तोवर पाऱ्याच्या वाफेसाठीच माहीत होतं. याचा अर्थ आर्गॉनचा रेणू एकट्या अणूचा. एकच अणू असलेल्या रेणूचे आणखी तुकडे रसायन काय करणार? संयुग असण्याची शक्यता इथेच संपली आणि घनतेवरून (दोन अणूंच्या हायड्रोजन रेणूच्या २० पट) अणुभार ठरला, जवळपास ४०.

या ४० ने नवी अडचण आणली. पोटॅशियमचा अणुभार ३९.१. आवर्तसारणीत, म्हणजे मूलद्रव्यांच्या क्रमवार तक्त्यात, आर्गॉनची जागा गुणधर्मांप्रमाणे पोटॅशियमच्या आधी, पण अणुभाराप्रमाणे नंतर येत होती. रेणू दोन अणूंचा असता तर अणुभार २० झाला असता आणि तो फ्लोरीन व सोडियम यांच्यामध्ये अलगद बसला असता, म्हणून अनेकांना तेच हवं होतं. आवर्तसारणी मांडणाऱ्या खुद्द मेंडेलीव्ह यांना आर्गॉन म्हणजे नायट्रोजनचा तीन अणूंचा रेणू असावा असं वाटत होतं. रॅले आणि रॅमसे मोजमापापाशी ठाम राहिले. १९०४ मध्ये रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसेंना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आर्गॉनच्या पोटात

हवेतल्या नायट्रोजनला जो प्रश्न विचारला, तोच आता आर्गॉनला विचारणं भाग होतं. लाल आणि निळ्या अशा दोन वर्णपटांमुळे ब्रिटिश रसायनज्ञ क्रुक्स यांना तो दोन वायूंचा असण्याची शक्यता दिसत होती. दुसऱ्या बाजूला पोलंडमधल्या क्राकूवच्या ओल्शेव्स्की यांनी तो द्रवरूप आणि घनरूप केला, तर त्याचा उत्कलनांक आणि द्रवणांक स्थिर आले. तापमान एका जागी टिकणं ही शुद्ध पदार्थाची खूण.

१८९८ मध्ये रॅमसे आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेचं आणि आर्गॉनचं भागशः ऊर्ध्वपातन केलं, म्हणजे वेगवेगळ्या तापमानांना उकळणारे घटक एकेक करून वेगळे काढले. मे अखेरीस क्रिप्टॉन, जूनमध्ये निऑन, जुलैमध्ये झेनॉन. हवेच्या दहा लाख भागांत निऑन १८ भाग, क्रिप्टॉन जेमतेम १, झेनॉन त्याच्याही दहाव्या हिश्शाहून कमी. हेलियम रॅमसेंना १८९५ मध्येच एका युरेनियम खनिजातून मिळाला होता. विजयदुर्गावर साहेबाचा कट्टा दाखवताना ज्या ग्रहणाची गोष्ट सांगतात, त्या १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणानंतर सूर्याच्या प्रकाशात ओळखली गेलेली पिवळी रेषा याच वायूची. रॅमसे आणि ट्रॅव्हर्स या दोघांचा आपल्याशी आणखीही संबंध आहे. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी जागा पाहायला रॅमसे भारतात आले आणि त्यांनी बंगळुरूची शिफारस केली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेचे पहिले संचालक ट्रॅव्हर्स होते.

आज आर्गॉन हवेतूनच, द्रवरूप हवेच्या ऊर्ध्वपातनाने मिळवतात. नायट्रोजन −१९५.८ अंश सेल्सिअसला उकळतो, आर्गॉन −१८५.८ ला, ऑक्सिजन −१८३ ला. एवढ्या फरकावर उंच मनोरे उभारून तो वेगळा काढला जातो आणि 'आर्गॉन वेल्डिंग'ची पाटी लावलेल्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडपर्यंत सिलिंडरमधून पोहोचतो. तप्त धातूला हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागू नये म्हणून तो वापरतात. नायट्रोजन तिथे चालत नाही, कारण वितळलेल्या टायटॅनियमसारख्या धातूशी तो संयुग करतो, रॅमसेंच्या मॅग्नेशियमशी केलं तसंच. आर्गॉनचं पहिलं संयुग मिळायला २००० साल उजाडलं. हेलसिंकीत ते जमलं, तेही शून्याखाली २६० अंशांहून थंड अवस्थेत.

पोटॅशियमच्या कोड्याचा उलगडा १९१३ नंतर झाला. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोझ्लींच्या क्ष-किरणांच्या कामातून मूलद्रव्याची ओळख अणुभारावरून नाही, तर अणुक्रमांकावरून, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवरून, ठरते हे पक्कं झालं. आर्गॉनचा १८, पोटॅशियमचा १९. क्रम बरोबरच होता. वजनाचा गोंधळ समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचा. खडकांतल्या पोटॅशियम-४० चा किरणोत्सारी ऱ्हास होऊन आर्गॉन-४० तयार होतो आणि कोट्यवधी वर्षं तो हवेत साठत आला आहे. हवेतल्या आर्गॉनपैकी ९९.६ टक्के हाच आहे, बाकी ३६ आणि ३८ वस्तुमानांक असलेले. शुद्ध आर्गॉनच्या सिलिंडरमध्येही तीन वजनांचे अणू एकत्र असतात, तरी तिघांच्या केंद्रकात प्रोटॉन १८ च असल्याने तो मूलद्रव्यच राहतो.